जानव्याचा दाखला, कड्यावर खटला

आयटी पार्क आलं आणि मुळशी तालुक्यातल्या हिंजवडीत देशभरची माणसं नोकरीला आली. त्यांत पगडी बांधणारे शीखही आले. त्यांच्या पाठोपाठ एक स्थानिक जाणकार उगवला. त्याचं म्हणणं असं: धर्म मनात असावा, अंगावर नव्हे. गुरू नानकांनीच जानवं नाकारलं, मग त्यांच्या अनुयायांनी केस, कंगवा, कडं, कच्छा आणि कृपाण ही ओझी का वागवावीत? शिवाय कृपाण धोक्याचं आणि हेल्मेटमधली सूट म्हणजे निव्वळ लाड.

शेवटच्या दोन मुद्द्यांवर फार शाई खर्चायला नको. कृपाण बाळगणं हा शीख धर्म पाळण्याचाच भाग आहे, असं राज्यघटनेच्या २५व्या कलमाचं स्पष्टीकरण सांगतं. पगडीधारी शिखाला हेल्मेटमधून दिलेली सूट मोटार वाहन कायद्याच्या १२९व्या कलमातच आहे. हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे काढून पुणेकर जी सूट परस्पर घेत आले, तिला आधार कोणत्या पोथीचा, हे जाणकार सांगत नाही.

जानव्याचा मुद्दा मात्र सविस्तर उलगडायला हवा, कारण तो ऐकायला फार चतुर वाटतो. नानकांनी नाकारलं ते आचरणाशी नातं तुटलेलं सूत. ते सूत जन्म पाहून गळ्यात पडायचं. १६९९च्या बैसाखीला आनंदपूर साहिबला गुरू गोविंदसिंगांनी खालसा, म्हणजे दीक्षित शिखांचा पंथ, स्थापन केला, तेव्हा नेमकी हीच अट मोडली. परंपरेनुसार दीक्षेला पुढे आलेल्या पहिल्या पाच जणांत, म्हणजे पंचप्याऱ्यांत, एक होता लातूरशेजारच्या बिदरचा न्हावी. ज्याचं पोट वस्तऱ्यावर, त्यानंच केस न कापण्याची दीक्षा घेतली! याला ढोंग म्हणायला धाडस लागतं. अमृत, म्हणजे खालशाची दीक्षा, घेणाऱ्या स्त्रीलाही हीच पाच चिन्हं, म्हणजे पाच ककार. जानव्याच्या वाटणीत तिला जागाच नव्हती.

आणि ज्या परंपरेनं स्वतःसाठी जानवं नाकारलं, तिनंच दुसऱ्याचं जानवं राखायला शिर दिलं. गुरू तेगबहादूरांना १६७५ मध्ये दिल्लीत मारलं गेलं ते काश्मिरी पंडितांचा धर्म वाचवताना, असं शीख परंपरा सांगते. एवढा इतिहास वगळला की जाणकाराचा युक्तिवाद अगदी सुटसुटीत होतो.

असला वाद मराठी मुलखाला नवा नाही. संतांनी ढोंगी माळकऱ्यांना झोडपलं, म्हणून मावळातल्या कोणा वारकऱ्यानं तुळशीची माळ खुंटीला टांगली नाही. माळ घातली की मांस-मद्य सुटतं, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. शिखाच्या मनगटावरचं कडं दिसलं की नेमका त्याचाच विसर पडतो.

ककारांचं काम तसं साधं आहे. कंगव्यानं केस रोज विंचरायचे. जटा वाढवून संसार सोडणं या धर्माला मान्य नाही. कडं लोखंडाचं किंवा पोलादाचं, त्यात सोन्याची मिरवणूक नाही. कच्छा संयमाची आठवण देतो, कृपाण दुबळ्याच्या रक्षणाची. पगडी पाचांत नाही, ती केसांची राखण करते. हे सगळं अंगावर असलं की गर्दीत लपता येत नाही, आणि वचन मोडलं तर चारचौघांना दिसतं.

गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये देह ठेवला तो नांदेडला, आपल्याच महाराष्ट्रात. जाणकारानं सवड काढून तिथल्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात जाऊन यावं. लंगराच्या पंगतीत त्याची जात कुणी विचारणार नाही. डोकं मात्र झाकावं लागेल.