मुक्या जीवाचे दात

जनावराचा दात पाहण्याची विद्या आपल्या देशात नवी नव्हे. दातांच्या संख्येवरून वय सांगणारे ‘द्विदन्’, ‘चतुर्दन्’ असे शब्द संस्कृतात इतके रूढ होते की, पाणिनीने त्यांच्यासाठी व्याकरणात एक स्वतंत्र सूत्र घातले. आजही बैलबाजारात गिऱ्हाईक प्रथम बैलाचा खालचा ओठ बाजूस सारते, आणि तो आदत आहे, दोन दाती आहे, की जुळलेला आहे, हे पाहूनच किमतीची भाषा काढते. परंतु व्यवहार पुरा होऊन जनावर दावणीला आले, म्हणजे पुन्हा त्याच्या तोंडात डोकावणारा गृहस्थ विरळाच. दात पाहावयाचे ते किमतीसाठी, दुखण्यासाठी नव्हे, अशी आपली रीत पडून गेली आहे. तिचाच आज थोडा विचार करू.

दाढ दुखू लागली म्हणजे घरातले मूल रडून घर डोक्यावर घेते. गाय किंवा कुत्रा तसे करीत नाही. रानात दुबळेपणा दाखविणारा प्राणी शिकाऱ्याच्या तावडीत प्रथम सापडतो. म्हणून दुखणे लपविणे हा या जीवांचा स्वभावच होऊन बसला आहे. दात किडला तरी ते खात राहतात, आणि आपण समजतो की सर्व ठीक आहे.

या बाबतीत अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील हिवरे बाजारचे उदाहरण उपयोगी पडेल. कमी पावसाच्या या गावाने १९९० च्या दशकात श्रमदान, कुऱ्हाडबंदी व चराईबंदी यांच्या बळावर आपले डोंगर पुन्हा हिरवे केले. त्या कामाचे पुढारी श्री. पोपटराव पवार यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, हे वाचकांस ठाऊक असेलच. चराईबंदी म्हणजे गुरे डोंगरावर मोकळी न सोडता गवत कापून गोठ्यात आणावयाचे. गावचे रोजचे दूध दीडशे लिटरांच्या आसपास होते, ते पुढे काही हजार लिटरांवर गेले. याचे श्रेय पाण्याला व गवताला देतात, ते योग्यच आहे. आम्हांस या व्यवस्थेत आणखी एक गुण दिसतो. रानात चरणारी गाय कसे खाते, हे कोणास कळत नाही. दावणीची गाय मात्र धन्याच्या डोळ्यांसमोर खाते. वैद्यास जी माहिती हवी असते, ती तेथे आपोआप मिळते. पाहणारा मात्र हवा.

काय पाहावे? गायीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, तेथे कठीण हिरडी असते. तेव्हा त्याची चिंता नको. परंतु अर्धवट चावलेल्या वैरणीचा बोळा तोंडातून पडणे, एकाच बाजूने चावणे, गार पाण्याला बिचकणे, ही चिन्हे दिसताच पशुवैद्यास बोलवावे. मात्र लाळ गळत असेल व घास गिळवत नसेल, तर घशात काही अडकले असेल म्हणून तोंडात हात घालण्याचे धाडस कोणीही करू नये. तो लाळ्या-खुरकूत असेल किंवा पिसाळरोगही असेल. पिसाळरोगाची लक्षणे माणसात एकदा उमटली, म्हणजे बहुधा इलाज उरत नाही. अशी लाळ हातास लागलीच, तर साबणाने व वाहत्या पाण्याने हात पंधरा मिनिटे धुऊन त्वरित दवाखाना गाठावा.

आता घरच्या कुत्र्याविषयी. पिलाला दुधाचे २८ दात असतात. सहा-सात महिन्यांत त्यांच्या जागी कायमचे ४२ येतात. म्हणून दातांची पहिली तपासणी सहाव्या महिन्याच्या सुमारास करावी. दुधाचा सुळा न पडता शेजारी नवा उगवला असेल, तर तो तेव्हाच लक्षात येतो. केवळ दातांचे काम करणारा पशुवैद्य आपल्याकडे क्वचितच भेटतो. पहिली पाहणी नेहमीचे वैद्यच करतात. तयारी मात्र घरीच आणि काही आठवडे आधी सुरू व्हावी. कुत्रा शांत असताना रोज त्याचा ओठ हलकेच वर करावा, लगेच सोडावा व शाबासकी द्यावी. तो गुरगुरला तर थांबावे. जबडा बळाने फाकवू नये. माणसांची टूथपेस्ट वापरू नये, कारण तिच्यातील काही प्रकारांत असणारे झायलिटॉल कुत्र्यास विष आहे. त्याचे वय, लसी, आहार, चालू औषधे, तोंडाची दुर्गंधी केव्हापासून, डोळ्याखाली सूज आहे काय, हे सर्व एका कागदावर टिपून न्यावे.

दात साफ करण्यास भूल कशाला, असे घरातील वडील मंडळी विचारतील. त्यांस सांगावे की, रोग बहुधा हिरडीखाली असतो, आणि जागा कुत्रा आ करून स्वस्थ बसत नाही. वरवर खरवडल्याने दात पांढरे दिसतात, रोग मात्र आत राहतो.

भुलीपूर्वी वैद्य सांगतील त्या वेळेपासून, बहुधा आदल्या रात्रीपासून, अन्न बंद ठेवावयाचे असते. पाणी केव्हापर्यंत द्यावे, हेही त्यांनाच विचारावे. एकत्र कुटुंबात घोटाळा होतो तो येथेच. वहिनी दूध घालतात, आजी दया येऊन पोळीचा तुकडा टाकतात, धाकटा चोरून बिस्कीट देतो. प्रत्येकास वाटते, एवढ्याशाने काय होते? परंतु भुलेत उलटी होऊन अन्न फुप्फुसात गेले, तर जीवच धोक्यात येतो. म्हणून त्या रात्रीपुरता कुत्र्याचा भार एकाच व्यक्तीवर सोपवावा आणि स्वयंपाकघराच्या दारावर तशी चिठ्ठी लावावी. कोणी काही दिलेच असेल, तर ते न लपविता वैद्यांस सांगावे. भूल दुसऱ्या दिवशी देता येते.

घरातील माणसांच्या ममतेत काही उणे नसते. त्या एका रात्री तिला थोडा आवर घालणे, हीच त्या मुक्या जीवाची खरी सेवा होय.