पेटलेल्या गाडीची नोंद कोण करणार?

थळच्या खत कारखान्यातून युरिया भरून निघणारे ट्रक, मासळी आणि बर्फ नेणारे टेम्पो, अलिबाग आगाराच्या एस.टी. गाड्या, आपल्या भागाचा संसार या चाकांवर चालतो. यातली एखादी गाडी कुठे धक्का न लागता रस्त्यातच पेटली, की पंचनाम्यात ठरलेले शब्द येतात : 'शॉर्टसर्किटमुळे आग'. प्रकरण मिटले! पण वायर तापली का? दोष मालकाने मागाहून जोडलेल्या दिव्यांचा, की कंपनीने बसवलेल्या भागाचा? हे कोण विचारतो?

विचारले तर काय होते, ते पलीकडे मुंबईत दिसले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अंधेरीत 'बेस्ट'ची भाड्याची सी.एन.जी. बस पेटली. महिनाभरातली ही तिसरी आग. तेव्हा 'बेस्ट'ने त्याच बनावटीच्या ४०० बसगाड्या रस्त्यावरून काढल्या आणि उत्पादक व ठेकेदार दोष दूर करीत नाहीत तोवर त्या चालणार नाहीत, असे बजावले. गैरसोय झाली खरी. पण चारशे गाड्या एका हाताखाली होत्या, म्हणून तीन आगींचा धागा जुळला. आपल्याकडे टेम्पोवाल्याची गाडी एकच. ती जळाली की त्याचे नशीब फुटके म्हणायचे आणि गप्प बसायचे. तशीच गाडी रत्नागिरीत किंवा सोलापुरात जळाली, तर ते त्याला कळणार कसे?

यासाठीच मोटार वाहन कायद्यात २०१९ साली ११०-अ हे कलम आले आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. माणसांच्या जिवाला धोका होईल असा दोष आढळला, तर त्या जातीच्या सगळ्या गाड्या माघारी बोलावण्याचा, म्हणजे 'रिकॉल'चा, हुकूम सरकार कंपनीला देऊ शकते. दुरुस्ती, बदली गाडी किंवा भरपाई, खर्च कंपनीचा. वर एक कोटी रुपयांपर्यंत दंड.

मग अडते कुठे? पहिली गोष्ट, विकलेल्या गाड्यांच्या ठरावीक टक्के मालकांनी तक्रार केली तर चक्र फिरते. तक्रारच नाही, तर टक्का कुठून येणार? दुसरी, गाडी सात वर्षांच्या आतली हवी. गावात गाडी येते ती बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हातची. म्हणजे ती आपल्या दारात येते तेव्हा कायदा तिच्यावरून उतरलेला असतो. तिसरी, कंपनीचे पत्र जाते पहिल्या मालकाच्या पत्त्यावर. आणि सांगाडा एकाचा, बॉडी दुसऱ्याची असली की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

तेव्हा वाचकहो, आपल्या हातातले तेवढे करू या. जुनी गाडी घेतलीत तर पेणच्या परिवहन कार्यालयात ती लगेच नावावर करून घ्या. वायर जळल्याचा वास आला, फ्यूज वारंवार उडू लागला, तर नुसता फ्यूज बदलून भागवू नका. केंद्राच्या 'वाहन' संकेतस्थळावर मालकाला दोषाची तक्रार नोंदवता येते. इंटरनेट जमत नसेल तर घरातल्या कॉलेजच्या पोराला बसवा. गाडी जळालीच, तर फोटो आणि चॅसी नंबर जपून ठेवा, विम्याच्या माणसाने पाहिल्याशिवाय सांगाडा भंगारात घालू नका.

आपली बाजूही स्वच्छ हवी. समुद्राची खारी हवा आणि मासळीचे झिरपणारे पाणी वायरीचे जोड खाते. त्यात फ्यूजशिवाय हॉर्न, दिवे, टेप जोडून घेतले, तर कंपनी हात झटकायला मोकळी! जादा वायरिंग काढा, जोड तपासून घ्या.

पेटलेली एक गाडी हा अपघात ठरतो. तशाच पन्नास गाड्यांची नोंद झाली, तर तो कंपनीचा दोष ठरू शकतो. ती नोंद पहिल्या मालकापासूनच सुरू होते.