खलनायकाला अभय कुणाचे?

'झी मराठी' वाहिनीवरील 'देवमाणूस' या मालिकेचे पहिले पर्व १५ ऑगस्ट २०२१ रोजी संपले. ३१ ऑगस्ट २०२० रोजी सुरू झालेल्या या मालिकेने जवळजवळ वर्षभर मराठी घरांतील रात्रीचे जेवण आणि झोप यांच्यामधला वेळ व्यापला होता. शेवटच्या आठवड्यांत तर यवतमाळ, वणी, पुसद, दारव्हा अशा गावांतून घरोघरी एकाच विषयावर वाद रंगत होते. डिंपल भोळी की लोभी? एसीपी दिव्यासिंगसारखी हुशार अधिकारी पुराव्याच्या उंबरठ्यावर येऊन पुन्हा पुन्हा कशी चकते? खटल्यातूनही सहीसलामत सुटलेल्या अजितकुमार देवला लेखक अखेर फासावर चढवणार की नाही? महागाईवर जितक्या तावातावाने बोलले जात नाही, तितक्या तावातावाने लोक या प्रश्नांवर बोलत होते.

आणि शेवट काय झाला? काही नाही! माणसे मारून उजळ माथ्याने वावरणारा हा तोतया डॉक्टर शिक्षेवाचूनच राहिला. प्रेक्षक संतापले. 'वर्षभर आम्ही हेच पाहायला बसलो होतो काय?' असा सूर सर्वत्र उमटला. डिसेंबर २०२१ मध्ये मालिकेचे दुसरे पर्व आले आणि त्या शेवटामागचे इंगित उघड झाले. जून २०२५ मध्ये 'मधला अध्याय' म्हणून तिसरे पर्वही अवतरले. जो मेला नाही, तो पुन्हा पुन्हा विकता येतो. खलनायकाला मिळालेले अभय कथेच्या गरजेतून आलेले नव्हते. ते बाजाराने दिलेले होते.

वास्तववादाची ढाल

या टीकेला ठरावीक उत्तर दिले जाते. 'जीवनात गुन्हेगार सुटतातच. आम्ही वास्तव दाखवले. मालिका म्हणजे कीर्तन नव्हे.' वास्तवाचा एवढाच सोस असेल, तर ज्या घटनेवर ही मालिका बेतली, ती घटना काय सांगते हे तपासून पाहावे.

सातारा जिल्ह्यातील वाई येथे डॉक्टर म्हणून मिरवणारा संतोष पोळ ऑगस्ट २०१६ मध्ये पोलिसांच्या हाती लागला. २००३ ते २०१६ या काळात सहा जणांचे खून केल्याचा आरोप त्याच्यावर ठेवण्यात आला. धोम येथील त्याच्या फार्महाऊसच्या आवारातून मृतदेह उकरून काढण्यात आले. अंगणवाडी सेविकांच्या संघटनेत काम करणारी एक महिला बेपत्ता झाली आणि तिच्या माणसांनी पाठपुरावा सोडला नाही, म्हणून हे प्रकरण उघडकीस आले. स्वतःला भ्रष्टाचाराविरुद्ध लढणारा कार्यकर्ता म्हणवून हा माणूस तक्रारींच्या धाकावर यंत्रणेलाही वचकून ठेवत असे. म्हणजे वास्तवात आरोपी पकडला गेला, पुरावे जमिनीतून वर आले, साथीदार म्हणून अटक झालेली परिचारिका माफीची साक्षीदार झाली आणि विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांच्याकडे खटला सोपवण्यात आला. मालिकेने वास्तवातून गुन्हे तेवढे उचलले. पोलिसांची चिकाटी, पीडितांच्या नातेवाइकांचा निर्धार आणि कायद्याची पकड मात्र वाटेतच टाकून दिली. याला वास्तववाद कसे म्हणायचे? ही तर वास्तवाची सोयीस्कर निवड!

यवतमाळच्या डोळ्यांनी पाहा

ज्यांना हा सारा केवळ करमणुकीचा मामला वाटतो, त्यांनी तो यवतमाळच्या खेड्यांतून पाहावा. २०१७ च्या हंगामात या जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जण रुग्णालयांत दाखल झाले. त्यांच्या बायकामुलांना एकच आशा होती, ती डॉक्टरची. पुढे ३१ जानेवारी २०२१ रोजी, म्हणजे ही मालिका ऐन भरात असताना, घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी येथे पोलिओच्या थेंबांऐवजी बारा बालकांना सॅनिटायझर पाजले गेले. बालके सुदैवाने बचावली, पण मायमाउलींच्या काळजाचा थरकाप उडाला. त्याच वर्षी करोनाच्या लसीबद्दल गावागावांत शंकाकुशंका होत्या. आशा सेविका दारोदार जाऊन लोकांची मनधरणी करीत होत्या.

एका मालिकेमुळे लस घेण्याचे थांबले, असा दावा कुणी करू नये. पण ज्या गावात दवाखाना दहा-वीस कोसांवर आहे आणि सुईवर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, तिथे रोज रात्री डॉक्टरच्या वेशातील मारेकरी घरात येऊन बसतो आणि त्याचे काहीही वाकडे होत नाही, ही गोष्ट निरुपद्रवी म्हणता येईल काय?

त्यातही सर्वांत मोठी लूट शब्दाची झाली. 'देवमाणूस' हा मराठी समाजाने फार जपून वापरलेला शब्द. आडवेळी धावून येणाऱ्या, पैशाचे नाव न काढणाऱ्या शेजाऱ्याला, शिक्षकाला, वैद्याला म्हणायचा. हातात खराटा घेऊन गावे झाडणारे गाडगेबाबा ज्या वऱ्हाडच्या मातीत जन्मले, त्या मातीत आज 'देवमाणूस' म्हटले की पोरेसोरे डोळा मारून हसतात. शब्द बाटला की त्यामागची श्रद्धाही हळूहळू बाटते.

शेवट ही तडजोडीची जागा नव्हे

मराठी वाचकाला गुन्हेगारी कथांचे वावडे कधीच नव्हते. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड यांनी पिढ्यान्पिढ्या जागवल्या. दूरदर्शनवरील 'एक शून्य शून्य' पाहताना सारे घर श्वास रोखून बसत असे. रहस्य होते, रक्त होते, पण शेवटी हिशेब चुकता होई.

नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये इंग्रज सरकारने नाटकावर बंदी घातली. सत्तेला धडकी कशाची भरली? कीचकाच्या उन्मत्तपणाची नव्हे, तर त्याच्या वधाची! कीचक मोकळा सुटला असता, तर त्या नाटकाचे इंग्रजांना भय वाटण्याचे कारणच उरले नसते. शेवटात काय सामर्थ्य असते, हे परकीय राज्यकर्त्यांना कळले. आपल्या वाहिन्यांना मात्र कळत नाही.

आपल्या परंपरेने खलनायकाला कधी कमी लेखले नाही. रावणाची विद्वत्ता सांगितली, त्याची शिवभक्ती सांगितली. पण विजयादशमी पुढच्या पर्वावर ढकलली नाही. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवले, तेव्हा शेवट ठाऊक असूनही कोट्यवधी घरे पडद्यासमोर बसली. सत्याचा विजय पुन्हा पुन्हा पाहण्याची या समाजाची भूक मेलेली नाही. 'देवमाणूस'च्या शेवटावर उसळलेला संताप हेही त्याच भुकेचे लक्षण. प्रेक्षकांचा विवेक शाबूत आहे, दिवाळखोरी आहे ती विक्रेत्यांची.

तथापि, प्रेक्षकांनीही आरशात पाहायला हवे. अजितकुमारच्या लकबींना दाद कुणी दिली? त्याच्या प्रत्येक सुटकेवर 'आता पुढे काय?' म्हणत दुसऱ्या दिवशी दूरचित्रवाणी संच कुणी लावला? रोज पाहायचे आणि शेवटी शिव्या द्यायच्या, याला बाजार निषेध मानत नाही. तो त्याला लोकप्रियता मानतो.

म्हणून बंदीची आरोळी ठोकण्याची गरज नाही. गरज आहे ती जाणत्या निवडीची. जून २०२१ मध्ये केबल दूरचित्रवाणीच्या नियमांत दुरुस्ती होऊन प्रेक्षकांच्या तक्रारींसाठी त्रिस्तरीय व्यवस्था झाली आहे. तक्रार आधी वाहिनीकडे, तिथे समाधान न झाल्यास वाहिन्यांच्या स्वनियामक संस्थेकडे आणि त्यापुढे शासनाकडे नेता येते. किती घरांनी ती वाट चोखाळली? कुटुंब प्रबोधनाच्या निमित्ताने आठवड्यातून एकदा घर एकत्र बसते, तेव्हा आजीने नातवाला एवढेच विचारावे, 'या गोष्टीत ज्यांचा जीव गेला, त्यांची नावे तुला आठवतात का रे?' नातवाला केवळ खुन्याचेच नाव आठवत असेल, तर तो संच त्या रात्रीपुरता तरी बंद करण्याचे धैर्य घरातल्या वडीलधाऱ्यांनी दाखवावे. बाजाराने दिलेले अभय बाजारच काढून घेईल. त्यासाठी आधी घरांनी ते नाकारले पाहिजे.