मूठ हे हत्यार आहे की नाही?

रविवारी आमच्या हॉलमध्ये लेकीच्या मित्रमंडळींचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा डाव बसला होता. तासभर बरं चाललं, मग जुंपली. लेकीचं पात्र 'मंक', म्हणजे नुसत्या हातापायांनी लढणारा संन्यासी. एका पोराला तिच्या मुठीवर हत्याराची ताकद वाढवणारा मंत्र टाकायचा होता. डाव चालवणारा पोरगा (त्याला डीएम म्हणतात) म्हणाला, "चालणार नाही. मूठ म्हणजे हत्यार नाही." लेक पुस्तक मिटून उठली.

मी आधी हसलो. मग रात्री त्यांचं २०१४ चं नियमपुस्तक घेऊन बसलो. पोरगा नियमानं बरोबर होता, हे कबूल. पहिल्या छपाईत हत्यारांच्या तक्त्यात ठोसा होता. नंतर दुरुस्ती करून काढला. मंत्राला हत्यार लागतं. विषय संपला.

पण पुढं वाचा. मंकच्या मुठीला सुरुवातीला चार बाजूंचा फासा. तीच मंक साधी काठी दोन्ही हातांनी धरते तेव्हा आठ बाजूंचा! नुसती मूठ तिथं पोचते अकराव्या लेव्हलला. म्हणजे निःशस्त्र लढण्यासाठी जे पात्र घ्यायचं, त्यानं अर्धा खेळ काठी घेऊन हिंडायचं. एक जादा ठोसा मिळतो, हे खरं. आणि गंमत म्हणजे सहाव्या लेव्हलला हीच मूठ राक्षसांपुढं 'जादुई' धरली जाते. जादुई आहे, पण हत्यार नाही!

२०२४ च्या नव्या नियमांत सुरुवातच सहा बाजूंच्या फाशानं होते, पाचव्या लेव्हलला आठ. मुठीवर गुंडाळायच्या जादुई पट्ट्याही आल्या. दहा वर्षांनी का होईना, चूक मान्य केली म्हणायची.

मी कोर्ट-पोलीस बातम्या करणारा माणूस, म्हणून हा वाद मला परका वाटला नाही. साधी दुखापत केली तर एक वर्षापर्यंत शिक्षा, घातक हत्यारानं केली तर तीन. म्हणून 'हत्यार कशाला म्हणायचं' यावर वकील तासन् तास भांडतात. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं चाव्याच्या एका प्रकरणात सांगितलं, माणसाचे दात हे घातक हत्यार नव्हे. तिथं शब्द काटेकोर धरणं योग्यच. कारण सैल धरला तर कुणीतरी जास्त वर्षं आत जातं.

खेळात कोण आत जाणार आहे? शब्द काटेकोर धरून तिथं कुणाचं रक्षण होतं? फक्त जिनं मोकळे हात निवडले, तिचं नुकसान होतं. माझं मत साधं आहे. कोर्टात संशयाचा फायदा आरोपीला, टेबलावर तो खेळणाऱ्याला द्यावा. आणि द्यायचा नसेल तर पात्र बनवतानाच सांगावं, डाव रंगात आल्यावर नव्हे.

डीएम साहेब माझ्या पोस्टी वाचतात, मला माहितेय. बाळा, नियम तुझा बरोबर होता. पण पुढच्या रविवारी खुर्ची रिकामी राहिली, तर त्या बरोबर असण्याचं काय करशील?

चहा-पोहे आहेतच. या सगळे.