विशेष संदर्भ : तासगाव तालुका

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रमजान एप्रिलमध्ये आला होता, बेदाण्याचा हंगामही भरात होता. माझी खाला सावळजच्या बाजूला एका शेडवर बेदाणा निवडायला जायची. सकाळची शाळा सुटली की मी तिला गाडीवरून घरी आणायचो. एक दिवस गेलो तर शेडवर एक मुलगी फॉर्मांचा गठ्ठा घेऊन बसलेली. पीएच.डी. करत होती. फॉर्म इंग्रजीत, बायका दखनी आणि मराठी बोलणाऱ्या. मास्तर आयताच सापडला म्हणून तिनं मला भाषांतराला बसवलं.

बेचाळीस प्रश्न होते. प्रत्येकाला पाच उत्तरं : पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्ण असहमत. ‘तुम्ही तुमच्या कामाच्या ठिकाणी समाधानी आहात.’ खालानं विचारलं, “तटस्थ म्हंजे क्या रे?” मी म्हटलं, “ना हां, ना ना.” ती म्हणाली, “फिर कमर का भी पूछ ना उसकू. दिनभर जमीनपर बैठते हम.”

कंबरेचा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता. गंधकाच्या धुरीनं डोळे चुरचुरतात का, हाही नव्हता. पोरगी चांगली होती, थोडी ओशाळली, पण ‘प्रश्नावली गाइडनी मंजूर केलीय, आता बदलता येत नाही’ म्हणाली. फॉर्म भरून झाले. बायकांनी तिच्यासाठी पाणी मागवलं, स्वतःचे रोजे असताना. ती गेली. पुढच्या हंगामात खालानं विचारलं, “वो पोरी आयी थी ना फारम लेके, उसका क्या हुआ?”

काय झालं ते मला माहीत होतं. तिला डॉक्टरेट मिळाली होती. खालाला मी ‘मालूम नै’ म्हणालो, कारण खरं सांगायची लाज वाटली.

हा लेख त्या मुलीविरुद्ध नाही. ज्या व्यवस्थेला ते फॉर्म हवे होते पण खालाची कंबर नको होती, त्या व्यवस्थेविरुद्ध आहे. आणि त्या व्यवस्थेत मीही आहे, ते पुढं सांगतो.

आपल्याकडच्या प्रबंधांच्या शीर्षकात एक शेपूट असतं. ‘कृषी प्रक्रिया उद्योगातील महिला कामगार : विशेष संदर्भ, अमुक तालुका’. शोधगंगेवर असे प्रबंध कुणालाही उघडून वाचता येतात. मी सवड मिळेल तसे वाचतो. काही फार चांगले आहेत, ते बाजूला ठेवू. उरलेल्यांचा साचा ठरलेला. आधी व्याख्या, मग पूर्वीच्या संशोधनाचा आढावा, मग रंगीत वर्तुळं, मग काय-वर्ग कसोटी आणि शेवटी शिफारशी. शिफारस काय? ‘शासनाने लक्ष द्यावे’, ‘कामगारांमध्ये जागृती करावी’. हे म्हणायला फॉर्म कशाला हवे होते? खालानं ते फुकट सांगितलं असतं.

आता कुणी म्हणेल, सगळं ज्ञान उपयोगाचंच असलं पाहिजे का? नाही. कुणी गालिबच्या एका शब्दावर दहा वर्षं घालवावीत, कुणी आकाशातले तारे मोजावेत, मी टाळ्या वाजवीन. पण ज्यानं स्वतःच्या कामावर ‘उपयोजित’ अशी पाटी लावली, तंत्रज्ञान, डिझाइन आणि व्यवसाय यांना जोडणारं संशोधन करतो असं माहितीपत्रकात छापलं, त्याला ‘कुणाच्या उपयोगाचं?’ हे विचारायचा हक्क सगळ्यांना आहे. पाटी त्यानंच लावलीय.

आणि हे तीन शब्द एकत्र पाहायचे असतील तर बेदाण्याच्या शेडसारखी जागा नाही. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवतात, म्हणजे सालीवरचं मेण सुटतं आणि पाणी लवकर उडतं. हे झालं तंत्रज्ञान. मग तो माल जाळीच्या रॅकवर, वारा खेळेल पण ऊन थेट लागणार नाही असा, साधारण दोन आठवडे वाळतो. रॅकमधलं अंतर किती, शेडचं तोंड कुठल्या दिशेला, हे डिझाइन. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, तो पंधरा किलोच्या पेटीत बसतो, कोल्ड स्टोरेजला जातो, सौद्याला निघतो. माल थांबवायचा की विकायचा, हा व्यवसाय. अवकाळीचा एक ढग आला की तिन्हींची परीक्षा एकाच रात्री.

यात विचारण्यासारखे प्रश्न किती पडलेत बघा. निवडणाऱ्या बायकांना बसायला किती उंचीचं टेबल असलं तर कंबर वाचेल आणि कामही मंदावणार नाही? गंधकाची धुरी दिल्यावर शेड किती वेळ मोकळी ठेवावी? सौद्यात पेटी उघडली की मूठमूठ माल खाली सांडतो, तो हंगामभरात किती होतो आणि कुणाच्या पदरचा जातो? यातल्या एकाही प्रश्नाला परदेशी जर्नल लागत नाही. एक काटा, एक टेप, एक वही आणि एक हंगाम लागतो.

‘आमच्या भागात संशोधनाची परंपरा नाही’ हे वाक्य तर आता ऐकवत नाही. तास-ए-गणेश ही द्राक्षाची जात कुणी शोधली? आपल्याच तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी. थॉमसन सीडलेसच्या बागेतला वेगळा निघालेला वेल त्यांनी हेरला, जपला, वाढवला. नावातला ‘तास’ हा तासगावचाच. सोलापूरजवळ नान्नजला नानासाहेब काळे यांनी तसंच निरखून सोनाका दिली. पुण्याच्या मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र १९९७ साली आलं, त्याच्या कितीतरी आधीची ही कामं. म्हणजे निरीक्षण, निवड, पडताळणी, प्रसार हे सगळं झालं. झाली नाही ती फक्त काय-वर्ग कसोटी.

तासगावहून पलूसच्या बाजूला गेलं की किर्लोस्करवाडी. १९१० साली तिथं माळरानावर कारखाना उभा करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर आधी मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली तंत्रसंस्थेत शिकवत होते. मास्तर होते, हे मी मुद्दाम सांगतो. त्यांनी लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी म्हणाले, लोखंडानं जमीन नासते. पहिला नांगर खपायलाच दोन वर्षं गेली म्हणतात. शेतकऱ्याच्या ‘नाही’चं लक्ष्मणरावांनी ‘असहमत, बासष्ट टक्के’ असं वर्तुळ काढलं नाही. ते नांगर घेऊन पुन्हा शेतकऱ्याकडं गेले.

आणि हे सगळं जुन्या काळचं म्हणून सोडू नका. शेजारच्या सातारा जिल्ह्यात फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था १९६८ पासून आहे. तिथं सुंदरबनातल्या गॅरोल मेंढीचा जुळी कोकरं देणारा जनुक आपल्या दख्खनी मेंढ्यांत आणून ‘सुवर्णा’ ही मेंढी तयार केली. जनुकशास्त्र म्हणून हे काम जगात कुठंही छापण्यासारखं आहे. पण ते संपलं प्रयोगशाळेत नाही. मेंढे मेंढपाळांच्या कळपात सोडले, कोकरं जगतात का, आईचं दूध पुरतं का, मेंढपाळाच्या हातात काही उरतं का, याच्या नोंदी त्याच कळपात ठेवल्या. जिथून प्रश्न घेतला तिथं उत्तर घेऊन परत गेले. माझी सगळी मागणी या ‘परत गेले’ दोन शब्दांची आहे.

मग बाकीचे परत का येत नाहीत? कारण त्यांना परत यायला कुणी सांगितलेलंच नाही. २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीला एपीआय नावाचं गुणांचं खातं लागलं. पीएच.डी. सादर करण्याआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती २००९ ला आली आणि २०२२ च्या नियमांत गेली. मधल्या काळात पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या जर्नलांचं पेव फुटलं. निबंध छापला, चर्चासत्रात वाचला, की गुण. शेडवर जाऊन निष्कर्ष मराठीत सांगितला, तर शून्य गुण. माणूस गुण असतील तिकडं जाणार. मीही तेच केलं असतं.

‘केलं असतं’ कशाला, केलंच. आमच्या वेळी बी.एड. एक वर्षाचं होतं. त्यात कृतिसंशोधन करावं लागे. वर्गातली एक खरी अडचण शोधायची, उपाय करायचा, फरक मोजायचा. माझा विषय होता लेखनातल्या चुका. मी पूर्वचाचणी घेतली नाही. उत्तरचाचणीही घेतली नाही. होस्टेलवर एका रात्रीत चाळीस मुलांचे गुण मनानं लिहिले. आधी कमी, मग जास्त. सगळ्यांनी तसंच केलं होतं. सगळ्यांचीच मुलं सुधारली. मला चांगले गुण पडले.

आज वीस वर्षं मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. उर्दूत ‘ळ’ला आणि ‘ण’ला अक्षर नाही. पोरं ‘बाळ’ला ‘बाल’ लिहितात, ‘पाणी’ला ‘पानी’. ऐकण्यात चूक होते, की बोलण्यात, की फक्त लिहिण्यात? कोणत्या इयत्तेत सुटते, कुणाची सुटतच नाही? दहावीच्या पेपरात याचेच गुण जातात आणि मुलाला वाटतं आपल्याला मराठी येतच नाही. ज्या वर्षी मी खोटे आकडे लिहिले त्या वर्षी खरे लिहायची सवय लागली असती, तर या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर आज माझ्या कपाटात असतं. त्या रात्री मी बी.एड. कॉलेजला फसवलं असं मला वाटलं होतं. फसली ती ही पोरं, जी तेव्हा जन्मलीही नव्हती.

आता आपल्या लोकांशी दोन शब्द. एखाद्या मुस्लिम मुलाला डॉक्टरेट मिळाली की आपण हॉल घेतो, शाल-फेटा करतो, डिजिटल बोर्ड लावतो. प्रबंधात काय लिहिलंय हे त्या हॉलमध्ये एकही माणूस विचारत नाही. दुसऱ्या टोकाला, ‘अपन धंदेवाले लोग, पढके क्या करना’ म्हणत पोरगं नववीतून काढतो. हाताला लागल्यावर घड किती दिवस टिकेल आणि कुठल्या बाजारापर्यंत पोचेल, हे बागवानांच्या घरातल्या पोराला कळतं. मिरजेच्या शिकलगारांनी हत्यारांना धार लावायचं सोडून सतार-तंबोरे घडवायला घेतले, त्याला दीडशे वर्षं उलटली. भोपळा किती सुकला की बोलतो, जवारी किती घासली की सूर उघडतो, हे त्यांच्या बोटांत आहे. २०२४ ला मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, चांगलं झालं. पण त्यांच्याच घरातल्या किती पोरांनी ही विद्या स्वतः कागदावर आणली? सच्चर समितीचा अहवाल २००६ ला आला, आपल्या राज्यात महमूदुर रहमान समितीचा २०१३ ला. आपण प्रत्येक वेळी मोजले गेलो. मोजणारे कधी होणार?

आपल्या दीनमध्ये इल्मची थोरवी रोज सांगितली जाते. पण हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी नफा न देणाऱ्या इल्मपासून अल्लाहची पनाह मागितली आहे, हे शाल घालताना कुणी सांगत नाही. इल्म-ए-नाफे, म्हणजे फायदा पोचवणारं ज्ञान. फायदा कुणाला, तर फक्त पगाराच्या श्रेणीला नव्हे.

माझी मागणी मोठी नाही. निधी नको, नवी समिती नको. तोंडी परीक्षेच्या आधी प्रत्येक संशोधकानं, ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांच्यासमोर, त्यांच्या भाषेत, एक पान निष्कर्ष वाचून दाखवावा. शेडवर, यार्डात, शाळेच्या पालकसभेत, जिथून फॉर्म नेले तिथंच. लोकांनी काय विचारलं ते प्रबंधाला जोडावं. एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवावी. आणि प्रश्नावली मंजूर करण्याआधी गाइडनं एकदा तरी त्या शेडवर जमिनीवर तासभर बसून यावं.

हे आत्ताच का बोलतो? नव्या शैक्षणिक धोरणानं आता पदवीच्या मुलांनाही फील्ड प्रोजेक्ट आलाय. म्हणजे उद्या शेकडो मुलं गठ्ठे घेऊन आपल्या दारात येणार. त्यांना हाकलू नका, पाणी द्या. पण फॉर्म भरण्याआधी एक विचारा : परत कधी येणार? तारीख लिहून घ्या, नंबर घ्या, नाही आली तर फोन करा. चार ठिकाणी असं झालं की पाचव्या वर्गात गाइडलाच सांगावं लागेल.

मी या जूनपासून वही केलीय. सहावीचं पोरगं ‘ळ’ कुठं चुकतं, रोज लिहितो. दिवाळीनंतरच्या पालकसभेत आईबापांना उर्दूत वाचून दाखवणार आहे, आकडे वाईट असले तरी. आणि ईदला खालाकडं जाईन तेव्हा त्या फारमचं काय झालं, तेही खरं सांगणार आहे.