जुन्या मोटारीचें कुल, शील व वय

गेल्या कांहीं महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांनीं विचारलेला आढळतो. घरांत सहा-सात माणसें; नवी मोठी मोटार घेण्याची ऐपत नाहीं; वडिलांना निवृत्तीच्या वेळीं मिळालेल्या रकमेंतून सात-आठ लाख रुपये बाजूस काढतां येतील; तर तेवढ्यांत जुनी एसयूव्ही घ्यावी कीं नाहीं, आणि घ्यावयाची तर कोणती? आम्ही यंत्रशास्त्राचे पंडित नव्हे, मॅट्रिकपर्यंत शिकलेले शाळामास्तर आहों. तथापि आप्तेष्टांबरोबर जुन्या मोटारी पाहावयास जाण्याचा प्रसंग आम्हांवर पुष्कळ वेळां आला आहे. त्या बळावर चार शब्द लिहितों.

मोटार कोणासाठीं घ्यावयाची, हें प्रथम ठरवावें. बहुतेक घरीं हा निर्णय तरुण पुरुष करितात, आणि तो पुढच्या आसनावर बसून करितात. परंतु सात जणांच्या मोटारींत आसनांच्या तीन रांगा असतात. तिसऱ्या रांगेंत जावयाचें तर बहुधा मधलें आसन दुमडून, वांकून शिरावें लागतें. उंच मोटारीची पायरीही उंच. ज्या आजीबाईंचे गुडघे दुखतात, त्या पहिल्या खेपेस कण्हत चढतील. दुसऱ्या खेपेस "तुम्ही जाऊन या, मी घर सांभाळतें" असें म्हणतील. आणि तिसऱ्या खेपेस त्यांना कोणी विचारणारही नाहीं. सगळ्या कुटुंबासाठीं म्हणून घेतलेली मोटार अशा रीतीनें कुटुंबांतील एका माणसाला घरीं बसविते. यास्तव मोटार पाहावयास जातांना आजींना अवश्य बरोबर न्यावें, व त्यांना स्वतः चढून-उतरून पाहूं द्यावें. मुलांना शाळेंत पोंचविणारी सूनबाई जर मोटार चालविणार असेल, तर तिच्याकडून अरुंद गल्लींत मोटार मागें घेववून पाहावी. या दोघींची संमति मिळाली नाहीं तर रंग कितीही चकचकीत असो, पुढें बोलणें करूं नये.

या किंमतींत चार नांवें वारंवार कानीं येतात. टोयोटाची इनोव्हा २००५ सालीं आली. तिची किंमत इतकी सावकाश उतरते कीं, त्याच पैशांत इतरांहून अधिक जुनी व अधिक धांवलेली गाडी पदरीं पडते. महिंद्राची एक्सयूव्ही ५०० ही २०११ पासून २०२१ पर्यंत निघाली. ती त्या मानानें अलीकडच्या सालाची मिळते, परंतु तिची दुरुस्ती स्वस्त नाहीं. मारुतीची अर्टिगा २०१२ सालची. ठेंगणी असल्यानें म्हाताऱ्या माणसांस सोयीची, पण सात जण व सामान घेऊन घाट चढतांना तिला दम लागतो. शास्त्र पाहूं गेल्यास इनोव्हा व अर्टिगा या एसयूव्ही नव्हत. परंतु कुटुंबास नांवाशीं काय करावयाचें आहे? चौथी स्कॉर्पिओ, २००२ सालीं आलेली. खडबडीत रस्त्यावर निर्भय, पण उंच. तिच्या कांहीं प्रकारांत मागचीं आसनें समोरासमोर, आडवीं असतात. तेथें मुलांस बसविणें आम्हांस मान्य नाहीं. ग्लोबल एनकॅप या संस्थेनें २०१६ सालीं एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओची टक्कर-चाचणी घेतली, तेव्हां प्रौढांच्या संरक्षणाबद्दल तिला शून्य तारे मिळाले. म्हणून नांव कोणतेंही असो, एअरबॅग नसलेली गाडी कुटुंबासाठीं घेऊं नये. चाकें न अडकतां ब्रेक लावणारी एबीएस ही योजना एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींत सक्तीची झाली. त्या तारखेनंतरची गाडी मिळाली तर अधिक बरें.

आतां परीक्षेकडे वळूं. पूर्वीं विवाहसंबंध जुळवितांना वडील मंडळी कुल, शील व वय पाहत. जुन्या मोटारीसही हीच कसोटी लागू पडते.

कुल म्हणजे कागद. आरसी बुकावर मालकाचा क्रमांक, नोंदणीचें साल व कर्जाचा बोजा पाहावा. बोजा असल्यास बँकेचें ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ हातीं आल्यावांचून पूर्ण पैसे देऊं नयेत. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर विम्याची मुदत व थकलेला दंड घरबसल्या दिसतो. गाडी पूर्वीं पिवळ्या पाटीवर, म्हणजे भाड्यानें, धांवत होती काय हें अवश्य विचारावें. परप्रांतांतील गाडी स्वस्त वाटते. दिल्लीकडे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर २०१५ पासून न्यायालयीन निर्बंध आल्यामुळें तेथील गाड्या दूरवर विकल्या गेल्या. परंतु महाराष्ट्रांत नव्यानें नोंदणी करतांना येथील कर भरावा लागतो, व ती स्वस्ताई विरून जाते.

शील म्हणजे आजवरची वागणूक. किलोमीटरचा आंकडा मागें फिरवितां येतो. पायाखालच्या पेडलवरचें झिजलेलें रबर, गुळगुळीत झालेलें स्टीअरिंग व चालकाच्या आसनाची दबलेली कड यांना मात्र खोटें बोलतां येत नाहीं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरांतील नोंदी मागाव्या. इंजिन आधीं चालू करून ठेवूं नये असें मालकास सांगून सकाळीं जावें, आणि बॉनेटवर हात ठेवून तें थंड असल्याची खात्री करून मगच चालू करावयास सांगावें. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळत आहे. न थांबणारा पांढरा धूर म्हणजे इंजिन थंड ठेवणारें पाणी आंत शिरत असल्याची शंका. जुलै २००५ मध्यें मुंबईस व ऑगस्ट २०१९ मध्यें कोल्हापूर-सांगलीस महापूर आला, तेव्हां अनेक मोटारी पाण्याखालीं गेल्या. बुडालेली मोटार ओळखण्यासाठीं सीट-बेल्ट शेवटपर्यंत ओढावा. टोंकाशीं चिखलाचा डाग असेल, किंवा आसनाखालील पट्ट्यांवर गंज व गालिच्याखालीं गाळ असेल, तर नमस्कार करून परत यावें. हें सारें झाल्यावर आपल्या विश्वासांतल्या मेकॅनिकला त्याची फी देऊन गाडी दाखवावी. विकणाऱ्यानें सुचविलेला मेकॅनिक नको.

वय दोन प्रकारचें : सालाचें व चालीचें. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षें टिकते. पुढें तपासणी करून व शुल्क भरून नूतनीकरण करावें लागतें. २०१२ सालची गाडी आज घेतली तर तिचीं पंधरा वर्षें २०२७ सालींच भरणार, हें लक्षांत असावें. टायरवर चार आंकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यांतला टायर. डिझेलच्या बाबतींत आणखी एक गोष्ट सांगावयाची ती ही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आल्यावर डिझेल मोटारींत काजळी अडविणारी गाळणी बसूं लागली. ती साफ होण्यासाठीं मधूनमधून लांब व वेगाचा प्रवास घडावा लागतो. ज्यांची मोटार रोज मंडई व शाळा एवढेंच जाते, त्यांनीं पेट्रोलचीच घ्यावी.

पैशांविषयीं आमचें मत स्पष्ट आहे. आठ लाखांचा संकल्प असेल तर सात लाखांवर सौदा करूं नये. उरलेला एक लाख विमा, नांवबदल, टायर, बॅटरी, क्लच यांसाठीं निराळा ठेवावा; पहिल्या वर्षीं त्यांतील बराचसा लागतो. निवृत्तीची रक्कम शेवटच्या रुपयापर्यंत मोटारींत घालून वर कर्ज काढणें तर सर्वथा वर्ज्य. मोटारीची किंमत दरसाल उतरत जाते, आणि वडिलांच्या औषधाचा खर्च दरसाल चढत जातो.

सौदा झाल्यावर पेढे वांटण्याआधीं फॉर्म २९ व ३० भरून नांवबदल करावा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणें घेणाऱ्यास त्यासाठीं तीस दिवसांची मुदत आहे. विमा आपल्या नांवें करून घेण्यासाठीं चौदाच दिवसांची. विकणाऱ्याचा नो-क्लेम बोनस त्याचा त्याच्याकडेच राहतो, तो मोटारीबरोबर येत नाहीं. जे वाचक आपली जुनी मोटार विकणार असतील त्यांनींही सावध असावें : नोंदणी ज्याच्या नांवें, अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला आहे. गाडी देऊन टाकली म्हणजे सुटलों, असें समजूं नये.

एवढें सगळें पाहावयास दोन-तीन महिने लागतील, आणि पांच-सहा मोटारी नाकाराव्या लागतील. लागूं द्यावे. सणापूर्वीं घ्यावयाचीच या हट्टानें घाई करूं नये. एखादा दसरा मोटारीवांचून गेला तर कांहीं बिघडत नाहीं. मोटार येईल तेव्हां मधल्या रांगेंतील दाराजवळची जागा आजींची, हें मात्र आजच ठरवून ठेवावें.