हक्क खाटेचा, सूट घराची

वृद्ध, अपंग किंवा दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळलेल्या गरीब माणसाची काळजी कोणी वाहावयाची, या प्रश्नाला अमेरिकेच्या कायद्याने दिलेले उत्तर मोठे विलक्षण आहे. अशा माणसाने शुश्रूषागृहात कायमचे राहावयास जाण्याची तयारी दाखविली, तर तेथील खर्च सरकारकडून मिळणे हा त्याचा हक्क ठरतो. परंतु ‘मला माझ्याच घरी राहू द्या, अंघोळ घालावयास, भरवावयास, खुर्चीत बसवावयास दिवसातून काही तास कोणी तरी पाठवा,’ असे तो म्हणाला, की हक्काचे राज्य संपते आणि मर्जीचे राज्य सुरू होते. या मर्जीलाच तेथे ‘वेव्हर’, म्हणजे नियमातून दिलेली सूट, असे नाव आहे.

ही स्थिती एकाएकी आलेली नाही. अध्यक्ष जॉन्सन यांच्या कारकिर्दीत, १९६५ साली, गरिबांसाठी ‘मेडिकेड’ ही आरोग्यविमा योजना सुरू झाली. तिचा भार संघसरकार व राज्ये मिळून उचलतात. संघसरकारचा वाटा निदान निम्मा असतो, तर काही गरीब राज्यांत तो तीन चतुर्थांशांहूनही अधिक असतो. या योजनेत प्रौढांसाठी शुश्रूषागृहातील सेवा राज्यांवर बंधनकारक आहे. घरातील नित्याची मदत मात्र ऐच्छिक. परिणामी पैसा वाहिला तो खाटांकडे. अमेरिकेतील बहुसंख्य शुश्रूषागृहे खासगी मालकीची असून ती नफ्यासाठी चालतात, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रवाहाचा लाभ कोणाला झाला हे वेगळे सांगावयास नको.

१९८१ साली आयोवा राज्यातील केटी बेकेट या तीन वर्षांच्या मुलीमुळे हा विपर्यास चव्हाट्यावर आला. मेंदूज्वरानंतर तिला श्वसनयंत्राची गरज भासू लागली होती. घरी तिची देखभाल होऊ शकत होती, व तीही रुग्णालयापेक्षा पुष्कळच कमी खर्चात. पण ती रुग्णालयात असेपर्यंत आईबापांचे उत्पन्न हिशेबात धरले जात नव्हते. घरी नेताच ते धरले जाणार आणि मदत बंद पडणार! खुद्द अध्यक्ष रेगन यांनी पत्रकार परिषदेत या प्रकाराचा उल्लेख केला, आणि केटी घरी गेली.

त्याच वर्षीच्या अंदाजपत्रकी कायद्याने वेव्हरचा मार्ग खुला केला होता. मात्र त्याच कायद्याने मेडिकेडच्या संघीय अनुदानाला कात्रीही लावली होती, हे विसरता येत नाही. या मार्गामागे करुणेइतकीच काटकसरीचीही प्रेरणा होती. ज्यांना एरवी संस्थेतच ठेवावे लागले असते अशांसाठीच ही सूट मागता येते, आणि घरच्या सेवेचा सरासरी खर्च संस्थेतील खर्चापेक्षा अधिक होणार नाही अशी हमी राज्याने द्यावी लागते. या पैशांतून घरी येणाऱ्या सेविकेचे वेतन, दिवसाची केंद्रे, दाराशी बांधलेला उतरता मार्ग, घरच्या माणसांना चार दिवसांची विश्रांती अशा गोष्टी भागतात. कोणत्या गटाला, कोणत्या भागात आणि किती जणांना ही सेवा द्यावयाची, हे राज्याने ठरवावयाचे!

या व्यवस्थेने लाखो माणसांना संस्थेच्या भिंतींबाहेर ठेवले, हे निःसंशय. २०१३ पासून मेडिकेडच्या दीर्घकालीन सेवेवरील निम्म्याहून अधिक पैसा घर व समाजातील सेवेवर खर्च होऊ लागला. परंतु संख्येवर मर्यादा आली की प्रतीक्षायादी आलीच. २०२४ साली अशा याद्यांवर सुमारे सात लाख नावे होती. काही राज्ये पात्रता न तपासताच नावे नोंदवितात, हे हिशेबात घेतले तरी हा आकडा लाजिरवाणा आहे. शुश्रूषागृहाच्या हक्काला अशी मर्यादा घालता येत नाही! १९९९ साली जॉर्जियातील दोन स्त्रियांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, माणसाला विनाकारण संस्थेत अडकवून ठेवणे हा भेदभाव आहे, असा निर्णय दिला. पण यादी वाजवी गतीने पुढे सरकत असेल तर राज्याला दोष देता येणार नाही, अशी वाटही मोकळी ठेवली.

आता या स्वस्ताईचे मोल कोण देते ते पाहू. घरी येणाऱ्या सेविकांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. त्यांत कृष्णवर्णीय व स्थलांतरित मोठ्या संख्येने आहेत. १९७४ साली घरकामगारांना किमान वेतनाचा कायदा लागू झाला, तेव्हा ‘सोबत’ करणाऱ्या म्हणून यांना वगळण्यात आले. २००७ साली एव्हलिन कोक या सेविकेचा जादा वेतनाचा दावा सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. २०१५ मध्ये अखेर संरक्षण मिळाले. तर २०२५ च्या जुलैत ते काढून घेण्याचा प्रस्ताव संघसरकारनेच मांडला.

त्याच महिन्यात मंजूर झालेल्या कायद्याने मेडिकेडच्या संघीय खर्चात दहा वर्षांत सुमारे ९०० अब्ज डॉलरांची घट होईल, असा अंदाज आहे. राज्यांच्या तिजोरीत ओढ पडली की जे बंधनकारक ते राहते आणि जे ऐच्छिक त्यावर कुऱ्हाड येते. सूट देणारा हात ती मागेही घेऊ शकतो.

घरची सेवा हक्क म्हणून दिली तर आज मुली, सुना आणि बायका जे विनामूल्य करतात त्याचेही पैसे सरकारला मोजावे लागतील, असा आक्षेप घेतला जातो. खर्च वाढेल, हे खरे आहे. पण तो खर्च आजही होतोच आहे; फक्त तो त्या स्त्रियांच्या आयुष्यातून वसूल होतो, म्हणून अंदाजपत्रकात दिसत नाही.

दुष्काळी काम आणि रोजगार हमी यांतील फरक महाराष्ट्राला समजावून सांगावयास नको. १९७२ च्या दुष्काळात काम निघाले ते मदत म्हणून. १९७७ च्या कायद्याने ते मागणे हा हक्क झाला. हमीची अंमलबजावणी किती तोकडी पडली हे आपण जाणतो. तरीही हक्क मागणारा ताठ उभा राहून भांडू शकतो, सवलत मागणाऱ्याला रांगेतच उभे राहावे लागते. अमेरिकेतील अपंगांच्या चळवळीची मागणी नेमकी हीच आहे : घरी राहणे हा नियम व्हावा, आणि संस्थेत जाणे हा अपवाद. आमच्या मते या मागणीत अवाजवी असे काहीही नाही. आपल्याच घरी राहण्यासाठी माणसाला सूट मागावी लागते, अवाजवी आहे ती ही गोष्ट.